केशरबाईने न ओलांडलेली गल्ली

"धरल्याबिगर बाई रडत न्हाई, आन बाई रडल्याबिगर मेलेला मानूस घरातनं जात न्हाई," असं केशरबाई एकदा म्हणाली होती.

डेअरीच्या ओट्यावर, दुधाची किटली हातात घेऊन. कुणीतरी थट्टेनं विचारलं होतं, केशरबाई, तू एवढ्या मौतींना जातेस, तिथं करतेस तरी काय? तिनं सांगितलं आणि किटली मापाला पुढे केली. विचारणारा हसायचा राहून गेला.

आमचं गाव प्रवरेच्या काठचं. संगमनेरहून अकोले तालुक्याकडे जाताना डांबरी रस्ता सोडून आत वळावं लागतं. ऊस, चाऱ्याचा घास, गाई, आणि नदीवर दहाव्याचा घाट. गावात माणूस गेलं की बायका भेटायला येतात. या भेटण्याची एक रीत आहे. येणारी बाई गल्लीच्या तोंडाशीच सूर लावते. घरातली बाई तो सूर ऐकून उठते. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडतात, मग तिसरी येते, चौथी येते. पुष्कळदा तो सूर नुसताच सूर असतो. रडतारडता एक डोळा उघडा ठेवून कोण आलं, कोण नाही आलं हे पाहणाऱ्याही असतात. त्याला कोणी नावं ठेवत नाही.

केशरबाई सूर लावत नसे. ती आत जायची, घरातल्या बाईसमोर गुडघ्याला गुडघा लावून बसायची, तिच्या मानेमागे हात घालायची आणि डोकं आपल्या खांद्यावर ओढून घ्यायची. बोलायची नाही. वाट पाहायची. घासाचे भारे वाहून तिचे खांदे पुरुषासारखे रुंद झाले होते, लुगड्याला दुधाचा आंबूस वास असायचा. त्या खांद्यावर डोकं टेकलेली बाई आधी ताठ असायची. मग कुठून तरी, पोटाच्याही खालून, काहीतरी हलायचं. विहिरीतली मोटर पाणी ओढण्याआधी नुसती हवा ओढते, तसा कोरडा आवाज यायचा. आणि मग रडू.

बांगड्या फोडायला, कुंकू पुसायला मात्र ती कधी पुढे झाली नाही. म्हणायची, "त्याला दुसरी बगा. मी धरायला आलेय, तोडायला न्हाई."

तिचा स्वतःचा नवरा उसाच्या ट्रॅक्टरखाली गेला तेव्हा ती तिशीच्या आतली होती. तेव्हा तिला धरलं होतं समोरच्या घरातल्या भामाबाईनं. दोघी एकाच वर्षी या गावात नांदायला आल्या, समोरासमोरच्या घरांत. मधे गल्ली, बैलगाडी जाईल एवढी. या ओट्यावरून त्या ओट्यावर हाक मारायला आवाज चढवावा लागत नसे. भामाबाईनं तेव्हा काय केलं हे केशरबाईनं कुणाला सांगितलं नाही, पण पुढे आयुष्यभर तिनं जे केलं ते तिथूनच उचललेलं असावं. गावातली म्हातारी माणसं तिला बघून म्हणायची, "केशर, तू लांबनंच जा गं बाई." ती म्हणायची, "बाबा, तुमच्यासाठी न्हाई येत मी. तुमच्या म्हातारीसाठी येते." आणि म्हातारी आतून हसायची.

आता ती मौतीला जाते, पण मागे उभी राहते. अंगणाच्या कडेला, पुरुषांच्याही मागे. कुणी पुढे बोलावलं तर मान हलवते. हे असं का झालं ते सांगायचं तर करोनाचं दुसरं वर्ष सांगावं लागेल.

पहिल्या वर्षी गावानं वेशीत बाभळीच्या फांद्या आडव्या टाकल्या होत्या. पुण्या-मुंबईहून आलेल्यांना शाळेत ठेवलं. लोक भ्यायले, पण गावात कुणी गेलं नाही. भीती फुकट गेली की माणसाला फसवल्यासारखं वाटतं. हिवाळ्यात निवडणूक झाली, गुलाल उधळला, लग्नं लागली. फांद्या वाळून कुणाच्या तरी चुलीत गेल्या.

मार्चअखेरीला आबासाहेबांचे वडील वारले. आबासाहेब सरपंच. वडील पिकल्या वयाचे, खोकल्याचं जुनं दुखणं. कुणाला शंका आली नाही. दहावा मोठा झाला. घाटावर मंडप, प्रवचन, मग श्रद्धांजलीची भाषणं. आमच्याकडे दहाव्याला कोण कोण बोललं यावरून मेलेल्याची किंमत ठरते. पुरुष नदीच्या वाऱ्यावर मंडपात बसले. बायका घरी, मधल्या खोलीत. ऊन लागतं म्हणून खिडकी लावलेली, पंखा गरगरत, दाटीवाटीनं. केशरबाईच्या अंगात दोन दिवस कणकण होती. आल्याचं पाणी पिऊन ती गेली. मौतीला न जाणं हे तिच्या लेखी आजारापेक्षा वाईट होतं. त्या खोलीत तिनं आबासाहेबांच्या आईला धरलं, तीन लेकींना धरलं, सुनांना धरलं. त्या दिवशी सगळ्या रडल्या.

पुढच्या आठवड्यात गल्ल्या खोकू लागल्या. आधी त्या घरातल्या बायका, मग त्यांची घरं, मग डेअरीच्या रांगेतले पुरुष. उपकेंद्रात वृषाली नावाची तरुण आरोग्य अधिकारी होती. ती दारोदार फिरून तपासणी करत होती, पण ज्यांना दोष निघायचा, म्हणजे तपासणी पॉझिटिव्ह यायची, ते घरातच राहायचे. घर म्हणजे दोन खोल्या. एका खोलीत आजारी माणूस आणि त्याच्याशी बोलायला दारात बसलेलं सगळं घर. लोक घाबरले ते अँब्युलन्सला. तिचा आवाज गावात शिरला की कुत्री भुंकायची थांबत.

आबासाहेबांची आई गेली. तिची थोरली लेक गेली. मग आबासाहेबांनी देवळासमोर सभा घेतली. माणसं लांब लांब उभी होती. कापणी झालेल्या रानात बुजगावणी उभी राहावीत तशी. ठरलं ते असं. दोष निघालेल्या कुणीही घरी राहायचं नाही, शाळेत राहायचं, डबा गाव देईल. डेअरीवर रांग नाही, दूध दारातून उचलायचं. बाहेरचा माणूस गावात नाही. दहाव्याला घरचीच माणसं, आणि मौतीच्या घरी भेटायला कुणी जायचं नाही. विशेषतः बायकांनी.

"बायकांनीच का?" मागून एक जण म्हणाली. "भाषनं बायकांनी केल्ती का?"

थोडं हसू फुटलं. आबासाहेबांच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. वृषालीनं मास्क खाली न घेता सांगितलं, "मंडपात वारा होता, मावशी. त्या खोलीत नव्हता. खोलीत ज्या ज्या बसल्या होत्या, त्यातल्या बहुतेक घरात आजारी तरी आहेत नाहीतर दवाखान्यात. एकमेकींच्या तोंडाशी तोंड होतं, आणि बराच वेळ होतं. हा आजार श्वासातून जातो."

केशरबाई पारावर बसली होती. ती उठली. "म्हंजी माज्यामुळं?"

माना वृषालीकडे वळल्या.

"तुमच्यामुळं असं नाही सांगता येणार," वृषाली म्हणाली. "कोणाकडून कोणाला गेलं ते आता कोणीच सांगू शकत नाही. खोली बंद होती, माणसं जवळ होती, एवढं कळतं."

"पन मला कनकन हुती."

वृषालीनं ते नाकारलं नाही. तरुण होती, खोटं बोलायची सवय लागली नव्हती.

संध्याकाळी आबासाहेब केशरबाईच्या अंगणात आले. डोक्यावरचे केस अजून नीट उगवले नव्हते. ओट्यापासून लांबच उभे राहिले.

"वैनी, एक सांगायला आलोय. गावानं ठरवलं त्ये कागदावर ऱ्हाईल. बाया तुमच्याकडं बगत्यात. तुमी उंबरा वलांडला की समद्या वलांडत्याल. तुमी थांबलात तर थांबत्याल."

"तुमच्या आईला मीच धरलं हुतं, आबा."

"व्हय."

"त्याचा राग हाय का?"

"राग कशाचा? तिला रडता आलं नसतं तर ती तव्हाच गेली आसती," ते म्हणाले. मग म्हणाले, "पन आता नगं."

केशरबाईनं शब्द दिला. आमच्या गावात बाईच्या शब्दाला सही लागत नाही, म्हणून तो मोडायचा रस्ताही नसतो.

आणि मग रंभाजीला ताप आला. रंभाजी म्हणजे भामाबाईचा नवरा. दुसऱ्याच्या गाईला अडचण आली तरी धावून जाणारा, डेअरीवर सगळ्यांच्या आधी येऊन सगळ्यांच्या शेवटी जाणारा. त्याला संगमनेरला नेलं. ऑक्सिजन लावला. बरोबर मुलगा योगेश गेला. भामाबाई घरी एकटी राहिली. दोष निघालेल्या माणसाचं घर म्हणून दारापुढे बांबू आडवा बांधला होता.

दोन्ही ओट्यांवरून दोघी बोलायच्या.

"खाल्लं का गं, भामे?"

"खाल्लं."

"काय खाल्लं?"

"तू काय डाक्टर हायस? खाल्लं म्हनलं ना."

केशरबाई भाकरी कापडात बांधून बांबूवर ठेवायची आणि मागे सरायची. भामाबाई मग येऊन उचलायची. जनावराला वैरण टाकावी तसं वाटतं, असं भामाबाई एकदा म्हणाली. केशरबाई म्हणाली, "मंग हंबर की." दोघी हसल्या. गल्लीत कितीतरी दिवसांनी ते हसू ऐकू आलं.

एका दुपारी योगेशचा फोन आला. भामाबाई फोन कानाला लावून ओट्यावर उभी होती. फोन कमरेला खोचला, आत गेली, परात घेऊन बाहेर आली आणि तांदूळ निवडायला बसली. केशरबाईला समजलं. गल्लीतल्या बाकीच्या घरांनाही समजलं. एकेक बाई दारात येऊन उभी राहिली. कोणी सूर लावला नाही. सगळ्यांनी केशरबाईकडे पाहिलं.

रंभाजीला गावात आणणार नव्हते. तिकडेच नगरपालिकेची माणसं प्लास्टिकमध्ये गुंडाळून नेणार होती, योगेश लांबून बघणार होता. तोंड बघणं नाही, पाणी पाजणं नाही. जो घरातून दवाखान्यात गेला त्याची शेवटची यात्रा घरातून निघणार नव्हती. त्यामुळे मरण कुठे घडलं हेच समजत नव्हतं. फोनमध्ये घडलं होतं.

भामाबाई तांदूळ निवडत होती. खडा सापडला की अंगणात फेकायची.

"केसरे," ती वर न बघता म्हणाली, "येतीस का?"

केशरबाई उंबऱ्यात उभी होती. तिनं दोन्ही हातांनी चौकट धरली.

"न्हाई येनार, भामे."

"बांबूखालनं ये. कुनी बगत न्हाई."

"समद्या बगत्यात."

"मंग बगू दे की." भामाबाईनं आता वर पाहिलं. डोळे कोरडे, मोठे. "माज्या आंगात दगड झालाय बग. तू ये. तुला येतंय त्ये."

केशरबाईनं गल्लीत नजर फिरवली. पलीकडे ओली बाळंतीण होती. तिच्या शेजारच्या घरात दम्याचा म्हातारा. ती गेली तर त्या घरांतल्या बायका जाणार, आणि तिथून पुढच्या गल्लीतल्या. हे तिला आता दिसत होतं. आधी कधी दिसलं नव्हतं. दिसायला नको होतं, असं तिच्या तोंडावरून वाटलं. तिनं तिथूनच, आयुष्यात पहिल्यांदा, सूर लावला. रंभाजीचं नाव घेऊन, त्याच्या गाईंची नावं घेऊन. खांद्याशिवायचा तो आवाज गल्लीच्या मधे येऊन पडला.

"गप," भामाबाई म्हणाली. "म्हशीवानी वरडू नगं."

केशरबाई थांबली. भामाबाईनं परात उचलली, आत गेली आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी वृषालीनं भामाबाईची तपासणी केली. तिलाही दोष निघाला. म्हणजे आदल्या दिवशी जी कुणी तिला धरती, तिच्या तोंडाशी तोंड नेऊन बसती, तिनं तो आजार खांद्यावरून घरी नेला असता. वृषालीनं हे केशरबाईला मुद्दाम येऊन सांगितलं. दिलासा मिळेल असं वाटलं असावं तिला.

"तुम्ही थांबलात ते बरं केलंत, मावशी. सगळी गल्ली वाचली."

केशरबाई म्हणाली, "व्हय." आणि घास कापायला गेली.

भामाबाई पिशवी घेऊन एकटी चालत शाळेत गेली. नवरा जाऊन एक दिवस झालेला. तिसरीच्या वर्गात, पाढ्यांच्या तक्त्याखाली तिची खाट होती. अकोल्याकडची तिची बहीण जीप करून भेटायला आली, तेव्हा गल्लीच्या तोंडाशी तिला केशरबाईनंच अडवलं. बहीण रस्त्यात बसून शिव्या देत होती. "आबाच्या आईला बरी धरलीस! थोराघरची हुती म्हनून! माज्या बहिनीच्या टायमाला तुजं हात झडलं का?" ते वाक्य पुढे गावात फिरलं. डबे पोचवताना, दूध उचलताना कुणी ना कुणी ते म्हणायचं. केशरबाई ऐकायची. जीप परत फिरली, तिची धूळ खाली बसेपर्यंत ती तिथेच उभी होती.

मग हळूहळू शाळेतल्या खाटा रिकाम्या होत गेल्या. नव्या येणाऱ्यांपेक्षा घरी जाणारे जास्त, मग नवं कुणीच नाही. एका सकाळी वृषाली तपासणीत एकही दोष न सापडता डबा परत घेऊन गेली आणि वाटेत देवळाच्या पायरीवर बसून रडली, असं लोक सांगतात. नदीपलीकडच्या गावात दहावे चालूच होते, भेटी चालूच होत्या. तिथली अँब्युलन्स जून उजाडेपर्यंत ऐकू येत होती. आबासाहेबांनी वृषालीला विचारलं, हे आपल्या बंदीमुळं झालं का लाटच ओसरली? ती म्हणाली, "लाट ओसरतेच. पण ती किती घरांतून जाऊन ओसरायची, ते आपण काय करतो त्यावर असतं." मोजता येतात ती गेलेली माणसं. ज्यांना आजार झाला नाही त्यांना तो होऊ शकला असता हे कळत नाही. दम्याचा म्हातारा आजही ओट्यावर बसून तंबाखू मळतो. आपण कशातून वाचलो याचा त्याला पत्ता नाही.

पावसाळा सरत आला तेव्हा गावानं बंदी उठवली. दुसऱ्या दिवशी सकाळी केशरबाईनं डोक्यावरून पाणी घेतलं, धुतलेलं लुगडं नेसली आणि गल्ली ओलांडली. भामाबाईच्या दारापुढचा बांबू कधीच काढला होता. दोघी त्याआधी शेतावर, डेअरीवर बोलत होत्या, गाईंचं, पावसाचं. घरात मात्र केशरबाई गेली नव्हती. भेटायला जायचं राहिलं होतं, आणि ते राहिल्याचं दोघींना माहीत होतं.

भामाबाई चुलीपुढे भाकरी थापत होती. योगेश दूध घालायला गेलेला. केशरबाई तिच्यासमोर बसली. गुडघ्याला गुडघा लागला. तिनं हात पुढे केला, मानेमागे घालायला.

"ऱ्हाऊ दे," भामाबाई म्हणाली.

हात तिथेच राहिला.

"तुजा राग न्हाई मला," भामाबाई म्हणाली. तिनं भाकरी उलटली. "आदी हुता. शाळंत पडल्या पडल्या लई शिव्या घातल्या तुला. मंग त्या बाळंतिनीचं पोर रडायचं, त्ये आयकू यायचं शाळंपत्तोर. म्हनलं, बरं झालं केशर आली न्हाई. तुज्या जागी मी आसती तर मीबी आली नसती."

"मंग धरू दे की गं, भामे."

"नगं." भामाबाईच्या हाताला पीठ होतं. ते तिनं परातीच्या काठावर सावकाश पुसलं. "त्या दिवशी रडाया आलं आसतं. आता न्हाई येत. तू धरशील आन मला काय बी येनार न्हाई, मंग दोगींनी काय करायचं?"

केशरबाईचा हात अजून तसाच पुढे होता.

"त्यो दगूड हाय आत. त्याच्यावरच उभी हाय मी. काडू नगंस. योगेशचं लगीन करायचंय, गाय गाबन हाय." ती थांबली. "रंभाजी बी तिथंच हाय. दगडाखाली. गेलाच न्हाई कुटं."

चुलीत लाकूड सरकलं. भाकरी फुगली. भामाबाईनं ती काढून टोपल्यात टाकली आणि दुसरा गोळा हातात घेतला.

"च्या ठिवू का?" तिनं विचारलं. आवाज साधा होता. रोजच्यासारखा, कुठेही न चिरलेला.

केशरबाईनं हात मागे घेतला. तो काही वेळ स्वतःच्या मांडीवर उताणा ठेवून ती बघत राहिली. मग गुडघ्यावर भार देऊन उठली, पदर खांद्यावर नीट केला, आणि भामाबाईच्या पाठीमागून चहाला न थांबता बाहेर निघून गेली.